धाराशिवच्या पोरी

विभागीय शालेय खो-खो स्पर्धेचा ड्रॉ लागला की लातूर-नांदेडच्या मुलींची नजर आधी एकच नाव शोधते. धाराशिव कुठल्या बाजूला आहे? आपल्या बाजूला असेल तर उपांत्य फेरीत गाठ, पलीकडे असेल तर अंतिम सामन्यात. गाठ पडणार हे मात्र सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. लातूरच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या मुली त्या संघाशी खेळत असताना मैदानाच्या कडेला उभं राहून मी जेवढं शिकले, तेवढं बी.पी.एड.च्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

हे कोडं मला कायम पडत आलं आहे. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण सगळे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचेच. माती तीच, सोयाबीन-तुरीचं रान तेच, पाण्याची रडही तीच. जिल्हा वेगळा झाल्यावर लातूरनं शाळा-कॉलेजं, बाजार समिती, डाळ मिल यांच्या जोरावर भरारी घेतली. दहावी-बारावीच्या निकालात आपला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. मग जिथं पैसा कमी, सोयी कमी, तिथल्या मुली भारताच्या संघात कशा जातात, आणि आमच्या मुली नववीत मैदानावरून दिसेनाशा कशा होतात?

आधी खेळाविषयी थोडं सांगते. खो-खो सगळ्यांनी शाळेत खेळलेला असतो, त्यामुळं तो सोपा वाटतो. खरं तर इतक्या कडक नियमांचा दुसरा मैदानी खेळ मला माहीत नाही. दोन टोकांना दोन खांब, मधून जाणारी तीस सेंटिमीटर रुंदीची पाटी. तिच्यावर आठ जणी एकाआड एक उलटसुलट तोंड करून बसलेल्या आणि नववी पाठलागावर. या नववीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा एका दिशेला खांदा वळला की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही. जिला पकडायचं तिला मात्र सगळं रान मोकळं. बसलेल्या दोघींच्या मधून ती इकडून तिकडं जाऊ शकते, थांबू शकते, उलटी फिरू शकते. म्हणजे पाठलाग करणारीचे हातपाय नियमांनी बांधलेले आणि पळणारीचे सुटे. ही तफावत भरून काढायला एकच साधन आहे, ते म्हणजे खो.

तो खो देणं ही कला आहे. बसलेलीच्या पाठीला मागून हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा उच्चार त्याच्याबरोबर झाला पाहिजे. आवाज आधी निघाला की पंचांची शिट्टी. बसलेली अर्धा क्षण आधी उठली तरी शिट्टी. आमच्या मुली नेमक्या इथं चुकायच्या. पळणारी नजरेच्या टप्प्यात आली की तोंडातून ‘खो’ आधीच सुटायचा. धाराशिवच्या मुलींचा पाठलाग पाहिला तर पंजा पाठीवर टेकतो, आवाज येतो, आणि बसलेली मुलगी उभी न राहता थेट धावेत जाते. उकिडवी बसलेली असताना तिचा एक पाय मागं दाबलेला असतो, टाच उचललेली असते, बोटं जमिनीवर टेकलेली असतात. हे बसणं शिकायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. आमची एक मुलगी बाद होऊन आली आणि धापा टाकत म्हणाली, “बाई, ती कुठून उठली ते कळालंच न्हाई मला.” तिला कळणारच नव्हतं. उठण्याची क्रिया डोळ्यांना दिसू नये, यासाठीच तर तिकडे रोज संध्याकाळी सराव चालतो.

आणि खांबावरचा सूर! पळणारी खांबाजवळून निसटू पाहते. पाठलाग करणारी एका हातानं खांब धरते, सगळं अंग आडवं झोकून देते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिच्या टाचेला स्पर्श करते. पडताना आधी छाती, मग पोट, मग मांड्या जमिनीला लागल्या तर इजा होत नाही. गुडघा आधी टेकला की साल निघतं. मराठवाड्यातलं मैदान म्हणजे मुरूम. सकाळी खडे वेचायचे, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग फक्कीनं आखणी. एवढं करूनही गुडघे फुटायचेच.

आता सारिका काळेबद्दल. उस्मानाबादची ही मुलगी, वय तेरा-चौदा असताना खो-खोत आली. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळं फारशी कमाई करता येत नव्हती, आई शिवणकाम आणि घरकामं करायची, घर आजी-आजोबांच्या आधारानं चालायचं. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकाच वेळचं जेवण मिळत होतं, असं तिनं स्वतः पत्रकारांना सांगितलं आहे. वेगळं काही खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण स्पर्धेच्या मुक्कामी जेवणाच्या पंगतीत मी अशा मुली पाहिलेल्या आहेत. तीन पोळ्या खाऊन चौथी कागदात गुंडाळून दप्तरात ठेवणाऱ्या. तेव्हा वाटायचं, प्रवासात लागेल म्हणून ठेवत असेल.

नऊ मिनिटांच्या डावात पळणाऱ्या मुलीला किती ताकद लागते, याचा हिशोब करा. तिघींची एक तुकडी मैदानात येते. एकेक बाद होत जाते. जी शेवटी राहते तिच्यामागं सगळा संघ लागतो. आपल्या वर्तमानपत्रात खो-खोच्या बातमीत नावापुढं कंसात ‘२.१० मि. संरक्षण’ असं छापतात. ती दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे सरळ रेषेतली धाव नव्हे. दर दोन पावलांना दिशा बदलायची, कंबर वाकवायची, हुलकावणी द्यायची. एका वेळच्या जेवणावर हे करणारी मुलगी पुढं भारताची कर्णधार झाली.

ते साल २०१६. फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला होता. सारिकाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम फेरीत बांगलादेशाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षी घरच्या ओढगस्तीला कंटाळून खेळ सोडायचं तिच्या मनात आलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परत आली. मला या सगळ्या कहाणीत सुवर्णपदकापेक्षा हा भाग मोठा वाटतो. वर्षानुवर्षं त्याच गावात, त्याच मैदानावर रोज हजर असणारा प्रशिक्षक नसता तर ती समजूत कोण घालणार होतं? जिल्हा बदली, शाळा बदली, संस्थेतलं राजकारण यांत आमच्याकडं माणूस टिकत नाही. तिकडे टिकला.

२०१६ म्हटलं की लातूरकरांना दुसरंच आठवतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, पाच लाख लिटर पाणी. घागरीसाठी रात्री जागणाऱ्या घरातल्या मुली मैदानावर येत होत्या आणि मैदानावर मारायला पाणी नव्हतं. मुरूम उकलून वर आला होता. आम्ही सूर मारण्याचा सराव बंद केला, फक्त बसणं, उठणं आणि खो देणं चालू ठेवलं. धाराशिवलाही दुष्काळ तेवढाच होता. म्हणून त्या वर्षीचं गुवाहाटीचं सुवर्णपदक मला मराठवाड्याच्या इतिहासात दुष्काळाच्या बातमीशेजारी नोंदवावंसं वाटतं.

सारिकाला २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. करोनामुळं तो सोहळा दूरदृश्य प्रणालीवर झाला. खो-खोला अर्जुन मिळाला तो बावीस वर्षांनी. १९९८नंतर या खेळातल्या कुणालाच तो मिळाला नव्हता. ज्या खेळाचे पहिले नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४च्या सुमारास बांधले, ज्याची प्रात्यक्षिकं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६मध्ये बर्लिनला दाखवली, त्या खेळाची ही परवड. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१मध्ये कोल्हापूरला सुरू झाल्या. खो-खोत अर्जुन मिळवणाऱ्या पहिल्या महिला अचला देवरे, १९७१च्या. १९७४मध्ये नीलिमा सरोलकर. त्या काळात आमच्या पिढीच्या मुली वर्तमानपत्रातले त्यांचे फोटो कापून वहीत चिकटवायच्या. मग मध्ये एक अख्खी पिढी अशी गेली की मुलींना चिकटवायला फोटोच नव्हता. क्रिकेटवाल्यांचे होते, टेनिसचे होते. आपण जो खेळ खेळतो त्यातलं कुणी नाही.

२०२३चा अर्जुन पुन्हा खो-खोला मिळाला, नसरीन शेखला. ती दिल्लीची. २०१९ला काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती कर्णधार होती आणि तिथंही सुवर्णच. विमानतळ प्राधिकरणाच्या संघातून ती खेळते. हे प्राधिकरण, रेल्वे, प्राप्तिकर खातं यांनी खो-खोच्या मुलींना नोकऱ्या दिल्या, म्हणून पंचविशीनंतरही त्या खेळू शकल्या. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलींना खरी टक्कर मिळते ती अशा नोकरदार संघांकडूनच.

नोकरीवरून आमच्या शाळेतली एक आई आठवते. मुलगी आठवीत होती, चपळ, डावखुरी. आई शाळेत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “बाई, पोरीच्या गुडघ्याला डाग पडलेत. उद्या पाहुणे बघायला आल्यावर म्या काय सांगू त्यांना?” मी तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. लग्नाबद्दल वाद घातला नाही. सारिका काळेचं नाव सांगितलं, ती आता शासनात तालुका क्रीडा अधिकारी आहे हे सांगितलं. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “मंजी ही पळापळ कागदावर येती व्हय?” मी म्हटलं, येते. ती मुलगी दहावीपर्यंत खेळली. अकरावीला तिनं विज्ञान घेतलं, शिकवण्या लागल्या आणि सराव सुटला. तिला दोष देणार नाही. नीटचा निकाल लागला की आमच्या शहरातले चौक मुला-मुलींच्या फोटोंनी भरतात. त्या फलकांवर खो-खोच्या मुलीचा फोटो मी पाहिलेला नाही. अकरावीची मुलगी पहाटे पाचला मैदानावर जाते असं घरी सांगितलं तर घर काळजीत पडतं, आणि पहाटे पाचला शिकवणीला जाते म्हटलं तर आजी उठून दूध तापवते.

माझी भाची नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. तिची मुलगी बर्फावर स्केटिंग शिकते. तिच्यामुळं मी तिथल्या महिलांच्या आइस हॉकीबद्दल वाचायला लागले. गोलरक्षक धरून सहा-सहा जणी, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, पायात पात्यांचे बूट. आपल्या खो-खोशी काही देणंघेणं नाही. पण संघाची गोष्ट वाचत गेले तशी ती ओळखीची वाटू लागली. १९९८ला जपानमधल्या नागानोत महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली. २००२ला स्वीडनच्या मुलींना कांस्य मिळालं. २००६ला तुरीनमध्ये उपांत्य फेरीत त्यांनी अमेरिकेला शूटआउटमध्ये ३–२ असं हरवलं. तोवर अमेरिकेला कॅनडाशिवाय कुणीच हरवलं नव्हतं. गोलमध्ये उभी होती किम मार्टिन, वय १९. त्या संघाला रौप्य मिळालं. सगळ्या देशानं कौतुक केलं.

मग २०१९. वसंतात जागतिक स्पर्धेत तो संघ खालच्या गटात ढकलला गेला आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी सरावशिबिराला जायलाच नकार दिला. कशासाठी? प्रवासाची धड व्यवस्था, बुडालेल्या कमाईची भरपाई, स्वतःच्या मापाचे कपडे. त्यांच्या बहिष्कारामुळं आयोजित केलेली पाच देशांची स्पर्धा रद्द करावी लागली. ऑक्टोबरमध्ये महासंघाशी तडजोड झाली. हे वाचून मी बराच वेळ विचार करत होते. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एक, बाळंतपणाच्या रजेपासून सगळ्यांत पुढारलेला, आणि तिथल्या रौप्यपदकविजेत्या संघाला मापाचे कपडे मागावे लागले. आमच्या मुलींना मुलांच्या संघाचे जुने बनियन मिळायचे. खांद्यावरून घसरायचे म्हणून आम्ही पाठीमागून सेफ्टी पिन लावायचो. सूर मारताना ती पिन टोचायची.

गरिबी हेच सगळ्याचं कारण असं मी इतकी वर्षं मानत होते. गरिबी आहेच. पण पैसा असलेल्या ठिकाणीही मुलींच्या संघाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि संघ टिकतो तो कुणी तरी त्या उरल्यासुरल्यावर समाधान मानायला नकार देतं म्हणून. स्वीडनमध्ये ते खेळाडूंनी केलं. धाराशिवला ते वेगळ्या तऱ्हेनं झालं. आंदोलन नाही, निवेदन नाही. मुलगी सोडून चालली की प्रशिक्षक तिच्या घरी जातो आणि मोठ्या मुली धाकट्यांना आपल्यासोबत सरावाला ओढून नेतात. श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलावर संध्याकाळी गेलात तर भारताच्या संघातून खेळलेली मुलगी आणि पाचवीतली पोर एकाच मधल्या पाटीवर बसलेल्या दिसतील. पाचवीतल्या त्या पोरीला फोटो कापायची गरज नाही.

अशीच एक मुलगी म्हणजे अश्विनी शिंदे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी होती आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे. प्रियांकाचं कुटुंब मूळ बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं, ती घडली पुण्याजवळ. म्हणजे मराठवाड्याचा धागा तिथंही आहेच.

हा विश्वचषक मी घरी टीव्हीवर पाहिला. मैदान मॅटचं, आडवी-उभी जागा कमी, नऊऐवजी सात जणी, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या. ‘वझीर’ नावाची नवी सोय आली आहे. ज्या खेळाडूला वझीर नेमलं जातं ती पाठलाग करताना कुठल्याही दिशेला वळू शकते. जुन्या क्रीडाशिक्षकांना हे आवडलं नाही. दिशा न बदलण्याचं बंधन हाच खो-खोचा जीव, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या शेजारणींना खेळ दोन मिनिटांत समजला, हेही खरं. भारतानं दक्षिण कोरियाला १७५–१८, इराणला १००–१६, मलेशियाला १००–२० असं हरवलं. हे आकडे पाहून मला फार आनंद झाला नाही. समोरच्या मुली बिचाऱ्या नवशिक्या होत्या, त्यांना अजून बसता येत नव्हतं. बांगलादेशाविरुद्ध १०९–१६, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य फेरीत ६६–१६. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळ आलं आणि खरा खेळ दिसला. नेपाळच्या मुली पळायला हुशार. साखळी घालताना, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळताना, त्या बसलेलीच्या खांद्याला घासून जात होत्या. भारतानं तो सामना ७८–४० असा जिंकला. समालोचक गुणांबद्दल बोलत होते, मी पाय पाहत होते. बसलेल्या आपल्या मुलींच्या टाचा उचललेल्या होत्या आणि बोटं जमिनीवर होती.

स्पर्धेनंतर महाराष्ट्र शासनानं विश्वविजेत्या संघांतल्या आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. खो-खोच्या माणसांनी असा आकडा कधी ऐकला नव्हता. माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले. एक उदगीरला संसारात आहे, एक निलंग्याला अंगणवाडीत आहे. दोघींनी आधी विचारलं, “बाई, बातमी खरी हाय का?” आणि मग दोघींनीही आपापल्या मुलीचं वय सांगितलं.

आता राहिलं एक. २०२२ला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, पुण्याच्या बालेवाडीत. टीव्हीवर दिसली, खेळाडूंना पैसे मिळाले. दुसरा हंगाम २०२३च्या डिसेंबरात कटकला सुरू झाला. हे दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. विश्वचषक मुलं आणि मुली दोघांनी जिंकला, सराव दोघांचा तेवढाच, गुडघे दोघांचे फुटतात. मग मुलींची लीग मुलांच्या बरोबरीनं का सुरू झाली नाही, हा प्रश्न लातूर-नांदेड-धाराशिवच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकानं जिल्हा संघटनेच्या प्रत्येक बैठकीत विचारायला हवा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायला हवा. मी निवृत्त असले तरी बैठकीला जाते आणि विचारते.